घरपट्टीवरचा मसाला

जुन्या मराठी दप्तरांत "मसाला" असा एक शब्द वारंवार येतो. हल्लींच्या मुलांस तो वाचून दाखविला तर तीं म्हणतात, "गुरुजी, हा तर स्वयंपाकाचा." स्वयंपाकाचा नव्हे, बाबांनो, ज्याची चूल थंड त्याच्याकडूनच वसूल होणारा मसाला तो. सरकारचा शिपाई एखाद्या रयतेस बोलावण्यास किंवा बाकीचा तगादा करण्यास गेला, म्हणजे त्याच्या येण्याजाण्याचा दाम ज्याच्याकडे तो जाई त्यानेंच द्यावयाचा. त्या दामास मसाला म्हणत. बाकी फिटेपर्यंत दारांत बसून राहणारा जो शिपाई त्यास मोहसल म्हणत, आणि त्याचा रोजमुराही त्याच दाराच्या माथीं. म्हणजे एक रुपया देण्याची ज्याची ऐपत नाहीं, त्यानें आधीं मागणाऱ्याला जेवूं घालावयाचें आणि मग रुपया द्यावयाचा! ही अक्कल ज्या कोणा कारभाऱ्याच्या डोक्यांतून निघाली त्यानें कधीं उपाशी दिवस काढला नसेल, एवढें निश्चित.

आमच्या मराठवाड्यांत या रिवाजानें आणखी उग्र रूप घेतलें. निजामाच्या राज्यांत सरदार व सावकार यांच्या चाकरींत अरब आणि रोहिले असत. कुळाच्या दारांत ठाण मांडून बसणें हें त्यांचें काम. हैदराबाद शहरांत तर अरब जमादार स्वतःचे कैदखाने बाळगून होते. १८५३ सालीं पहिले सालारजंग दिवाण झाले, त्यांनीं हा जोर पुष्कळ मोडला. पुढें १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी संपली, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, १९८२ सालीं आमच्या शहराची महापालिका झाली, आणि आमचा गारखेडा आज तिच्या हद्दींत आहे. २०२३ सालीं शहराचें नांवही बदलून छत्रपति संभाजीनगर झालें. अरब गेला, रोहिला गेला, निजाम गेला. मसाला मात्र गेला नाहीं. या शहरांतच नव्हे, साऱ्या महाराष्ट्रांतील नगरपालिकांत तो आतां "नोटीस फी", "वॉरंट फी", "जप्ती खर्च" अशीं नवीं नांवें घेऊन फिरतो.

कोणी म्हणतील, मास्तर लोकांस कर बुडवावयास शिकवितात. आम्ही तसें शिकवीत नाहीं. घरपट्टी द्यावीच. रस्त्याचा दिवा, गटार, दवाखाना, शाळा हीं फुकट होत नाहींत, आणि यांची खरी गरज ज्याच्या घरीं मोटार नाहीं व खासगी डॉक्टर नाहीं त्यालाच आहे. गटार तुंबली तर धनिक दुसरीकडे बंगला बांधील. गरीब त्या गटारीपाशींच राहणार. तेव्हां कर बुडविणारा हा आमचाच शत्रु. परंतु कर निराळा आणि कर मागावयास आलेल्या माणसाचा मसाला निराळा. वसुलीखातें हें महापालिकेचें नेहमींचें खातें आहे. त्यांतील कारकुनांस व शिपायांस पगार मिळतो, आणि तो पगार आमच्याच पट्टींतून निघतो. एकदां पगार दिल्यावर त्याच माणसाच्या त्याच फेरीचे पुन्हां पैसे कसले? शिपाई एका फेरींत एका आळींतील दहा दारें करतो. वहाणा एकदांच झिजतात. फी मात्र दहा नांवांवर चढते.

कायदा काय म्हणतो तें पहा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम हा १९४९ सालचा. त्याच्या अनुसूची "ड" मधील आठव्या प्रकरणांत कराधानाचे नियम आहेत. क्रम असा आहे कीं, आधीं बिल द्यावयाचें आणि मुदत द्यावयाची. मुदतींत पैसा आला नाहीं तर नियम ४१ प्रमाणें दरमहा शेंकडा २ शास्ती. तरीही आला नाहीं तर नियम ४२ प्रमाणें जप्तीचें अधिपत्र, ज्यास लोक वॉरंट म्हणतात. फी घेण्यास नियमांत जागा आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ती जागा या पायऱ्यांच्या शेवटीं आहे, आरंभीं नाहीं. बिलच जर हातीं पडलें नाहीं तर मुदत कोठून सुरू झाली? मुदत सुरू झाली नाहीं तर थकबाकी कसली, आणि थकबाकी नाहीं तर वॉरंट कसलें? पहिली पायरी गाळून तिसरीवर उडी मारणाऱ्याला आमच्या शाळेंत गणितांत शून्य मिळतें. कचेरींत त्यास फी मिळते.

एका गांवच्या विधवा बाई आमच्याकडे कागद घेऊन आल्या. गांवाचें नांव सांगत नाहीं, कारण गाऱ्हाणें एका कचेरीचें नसून पद्धतीचें आहे. शिक्षक म्हटला कीं लोक त्याच्याकडे कागद आणतातच. बँकेची नोटीस, दवाखान्याची चिठ्ठी, मोबाईलवर आलेला इंग्रजी निरोप, सारें. या बाई लोकांचीं पोलकीं शिवून पोट भरतात. घर दोन खणांचें, वर पत्रे. प्लॅस्टिकच्या पिशवींत जुन्या पावत्या वर्षावार घालून ठेवलेल्या. एक वर्ष चुकलेलें नाहीं. २०२० सालीं करोनाच्या टाळेबंदींत शिवणकाम बसलें, तेव्हांपासून बाकी राहूं लागली. कागदावर मूळ कर एका ओळींत, शास्ती दुसऱ्या ओळींत, आणि खालीं "वॉरंट फी" व "इतर" अशा दोन ओळी. हें "इतर" म्हणजे काय, असें बाईंनीं शिपायास विचारलें. तो म्हणाला, "मावशी, तें वर ठरतें, आम्हांला काय ठाऊक?" आणि जातां जातां शिवणयंत्राकडे बोट करून बोलला, "पुढच्या खेपेला हें न्यावें लागेल बघा." बाई दोन रात्री झोंपल्या नाहींत.

आम्हीं चार ओळींचा अर्ज लिहून दिला. बिल कोणत्या तारखेस कोणाच्या हातीं दिलें, वॉरंटचा क्रमांक काय व सही कोणाची, फीचा दर कोणत्या ठरावानें, आणि "इतर" या शब्दाचा अर्थ काय. महिनाभर उत्तर नाहीं. बाई पुन्हां गेल्या तेव्हां खिडकींतला मुलगा म्हणाला, "मावशी, संगणकच लावतो, आम्ही काय करणार?" शेवटीं नव्या कागदावरून त्या दोन्ही ओळी नाहींशा झाल्या. आधीं कां होत्या आणि मग कां गेल्या, याविषयीं एक अक्षर नाहीं. शास्ती तशीच राहिली. ती बाईंनीं बचतगटांतून कर्ज काढून भरली. आम्ही विचारतों, ज्या बाईंस अर्ज लिहून देणारा कोणी भेटला नाहीं, त्यांच्या कागदावरच्या दोन ओळींचें काय झालें असेल? त्या ओळी खऱ्या होत्या तर पुसल्या कां, आणि खोट्या होत्या तर आळींतल्या बाकीच्या घरांवर अजून कां?

आणि तें शिवणयंत्र! १९०८ सालच्या दिवाणी व्यवहार संहितेचें ६० वें कलम असें सांगतें कीं, कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी ऋणकोचीं व त्याच्या बायकामुलांचीं नेसावयाचीं वस्त्रें, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूणपांघरूण, धर्माच्या चालीप्रमाणें स्त्रीच्या अंगावरून उतरवितां येत नाहीं असा दागिना, कारागिराचीं हत्यारें, शेतकऱ्याचीं अवजारें, बैल व बियाणें यांस जप्तीचा हात लावतां येत नाहीं. जमीन महसुलाच्या जप्तीसही हीच सूट आहे. शिवणाऱ्या बाईचें यंत्र हें कारागिराचें हत्यार नव्हे तर काय देव्हाऱ्यांतला देव आहे? जें नेण्याची छाती दिवाणी कोर्टाच्या बेलिफास होत नाहीं, सरकारी सारा वसूल करणाऱ्या तहसीलदारास होत नाहीं, तें घरपट्टीचा शिपाई बोटानें दाखवून जातो! त्या शिपायावर आमचा राग नाहीं. तो आमच्याच आळींतला, पुष्कळदां कंत्राटावर राबणारा, वरून आंकडा गांठण्याचा दट्ट्या असलेला गरीब पोरगा. त्याला कोणी हें कलम वाचून दाखविलें आहे काय, एवढेंच आम्हांस विचारावयाचें आहे.

पूर्वीं गांवांत कुलकर्ण्याची लेखणी होती. रयतेनें किती भरलें व किती राहिलें हें त्या एका लेखणीस ठाऊक. रयतेस वाचतां येत नव्हतें, आणि वाचूं देण्याची कोणाची इच्छाही नव्हती. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं करवीर राज्यांतील कुलकर्णी वतनें खालसा केलीं तीं उगीच नव्हेत. आज लेखणी एका जातीच्या हातीं राहिली नाहीं. आज ती पुष्कळ ठिकाणीं आमच्याच पोरांच्या हातीं आहे, आणि दुःखाची गोष्ट ही कीं, खुर्चीवर बसतांच तीं पोरें जुन्या कुलकर्ण्याच्याच भाषेंत बोलूं लागतात. कुलकर्णी म्हणे, "वहींत असें आहे." हीं म्हणतात, "संगणकांत असें आहे." अहो, वहींत कोणीं लिहिलें? संगणकांत कोणीं भरलें? ज्या बहुजनांच्या पट्टीवर शाळा चालल्या त्या शाळेंत शिकून जर तुम्ही बहुजनांनाच "वर ठरतें" म्हणून वाटेस लावणार, तर जोतीरावांनीं शाळा कशाला काढल्या?

आतां शास्तीचा हिशेब मांडूं. तो आमच्या चौथीच्या मुलांसही येईल. बाकी १००० रुपये. दरमहा शेंकडा २ म्हणजे महिन्यास २० रुपये, वर्षास २४०. पन्नास महिन्यांत, म्हणजे चार वर्षें दोन महिन्यांत, शास्ती १००० रुपये होते आणि मुद्दलाच्या खांद्याला खांदा लावून उभी राहते. त्यानंतर ती मुद्दलाच्या डोक्यावर चढते. आमच्याकडे सावकारीवर दामदुप्पटीचा जुना नियम आहे. एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज मागतां येत नाहीं. स्मृतिकारांनीं आमच्या आजापणज्यांवर जें जें लादलें त्याविषयीं आमच्या मनांत काय आहे तें वाचकांस ठाऊकच आहे. पण सावकारास कोठेंतरी थांबविलें पाहिजे, इतकें त्यांनाही कळलें होतें. २०१४ सालच्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखालीं ठरविलेले दर पहा. परवानेवाल्या सावकारानें शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षास शेंकडा ९ व विनातारणी १२ घ्यावे, इतरांकडून तारणीवर १५ व विनातारणी १८ घ्यावे. याहून अधिक घेईल तो गुन्हेगार. सावकाराला १८ ची वेस, आणि लोकांनीं निवडून दिलेल्या महापालिकेला २४ मोकळे! वर मसाला निराळा. सावकार तरी आपल्या माणसाच्या चपला कुळाच्या खात्यावर लिहीत नाहीं. लिहिल्या तर आपण त्यास काय म्हणूं?

बरें, बिल चुकीचें आहे असें म्हणावें तर दाद कोठें? याच अधिनियमाच्या ४०६ व्या कलमांत न्यायाधीशाकडे अपील आहे. पंधरा दिवसांत केलें पाहिजे, आणि ज्या रकमेविषयीं तक्रार ती आधीं भरली पाहिजे. म्हणजे ज्याच्यापाशीं पैसे आहेत त्यालाच "पैसे जास्त मागितले" असें म्हणण्याचा अधिकार. ज्याच्यापाशीं नाहींत त्यानें वॉरंटाची वाट पहावी. मोठ्या इमारतींचे मालक वकील लावून, रक्कम भरून वर्षानुवर्षें भांडतात, आणि पुष्कळदां जिंकतातही. पत्र्याच्या घराला कलम ४०६ हें आकाशांतील चंद्रासारखें. दिसतें, पण त्याचें दूध निघत नाहीं.

या शहरांत गुंठेवारीचा प्रकार तर आणखी चमत्कारिक. गारखेड्याच्या आसपास गोरगरिबांनीं, गिरणीकामगारांनीं, खेड्यांतून आलेल्या मजुरांनीं गुंठा अर्धा गुंठा जागा घेऊन घरें बांधलीं. २००१ सालीं त्यांकरितां गुंठेवारीचा कायदा झाला, २०२१ सालीं तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांस लागू केला. इतकीं वर्षें या लोकांस काय ऐकावें लागलें? रस्ता मागितला तर "वस्ती बेकायदा," पट्टी मागण्याची वेळ आली तर "मालमत्ता क्रमांक अमुक, थकबाकी तमुक." घेतांना घर, देतांना अतिक्रमण. पाण्याचें तेंच. जायकवाडीचें नाथसागर उशापाशीं असतां या शहरानें वर्षानुवर्षें आठ आठ दिवसांआड पाणी भरलें. अर्ध्या इंचाच्या नळास वर्षास ४०५० रुपये पाणीपट्टी होती, ती ओरड झाल्यावर २०२२ सालीं निम्मी, २०२५ रुपये, करावी लागली. म्हणजे ओरडल्यावर आंकडा खालीं येतो, हें सिद्ध झालें. तेव्हां जे न ओरडतां भरीत आले त्यांचे पैसे कोणत्या हिशेबीं गेले?

महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पर्यंत पुणें नगरपालिकेचे सभासद होते. १८८० सालीं गव्हर्नर जनरल लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे म्हणून त्यांच्या स्वागतास एक हजार रुपये खर्च करण्याचें निघालें. जोतीरावांनीं एकट्यानें विरोध नोंदविला. १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें त्यांनीं हेंच मांडलें कीं, पैसा राबणाऱ्यांकडून गोळा होतो आणि खर्च वरच्यांच्या शिक्षणावर होतो. पट्टीचा पैसा कोणाकडून येतो व कोणावर जातो, हें विचारण्याची ही आमची जुनी वहिवाट आहे; आज नव्यानें काढलेलें खूळ नव्हे. १२ मे १८७५ रोजीं सुप्यास शेतकरी उठले तेव्हां त्यांनीं सावकारांचे कर्जरोखे ओढून काढून जाळले. त्या कागदांत काय आहे हें त्यांस वाचतां येत नव्हतें, पण आपला गळा त्यांतच अडकला आहे हें कळत होतें. त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा झाला आणि पैशाच्या हुकूमनाम्यावरून शेतकऱ्यास तुरुंगांत घालणें बंद झालें. आम्हांला वाचतां येतें. आम्हांला कांहीं जाळावयाचें नाहीं. आम्हांला तो कागद ओळीओळीनें वाचावयाचा आहे.

पुण्यास महापालिकेनें थकबाकीदारांच्या दारांत बँड वाजविला, हें वर्तमानपत्रांत सर्वांनीं वाचलें. तो बँड सरकारी कचेऱ्यांच्या दारांत किती वेळां वाजला? तेथेंही पट्टी थकते. गरिबाची अब्रू हीच काय ती वाजवावयास स्वस्त! आणि मग कांहीं वर्षांनीं अभय योजना येते. शास्तीचा मोठा हिस्सा माफ. ज्यानें लाखों रुपये अडवून धरले तो त्या दिवशीं पेढे वाटतो. ज्या बाईनें कर्ज काढून शास्ती व मसाला आधींच भरला तिला काय मिळालें? अभय भित्र्यास देतात असें आम्ही समजत होतों. येथें तें निगरगट्टास मिळतें, आणि भ्यालेला भरून मोकळा होतो.

परदेशाचें उदाहरण दिलें कीं आमचे शहाणे लोक लगेच ऐकतात, म्हणून तेंही देतों. विलायतेंत स्थानिक मंडळाच्या घरपट्टीसारखा कर थकला तर बेलिफ येतो, आणि त्याची फी ऋणकोवरच पडते. त्या बाबतींत इंग्रज आमच्या पेशव्यांहून शहाणा झालेला नाहीं. पण २०१४ सालच्या नियमांनीं तेथें फी छापून बांधून टाकली : प्रकरण हातीं आल्यावर ७५ पौंड, दारीं गेल्यास २३५, विक्रीपर्यंत गेल्यास ११०, आणि मोठ्या रकमेवर ठराविक टक्के. सकाळीं सहाच्या आधीं व रात्रीं नऊनंतर दार ठोठावतां येत नाहीं. घरांत एकटें लहान मूल असेल तर आंत पाऊल ठेवतां येत नाहीं. एकाच माणसाकडे दोन तीन बाक्या एकत्र असल्या तर होतां होईल तों त्या एकत्रच वसूल कराव्या, दरेकीची फी निराळी लावूं नये. आणि फी चुकीची वाटली तर तीवर वाद घालतां येतो. लोक तसा घालतातही. दर भारी आहेत, गरीब तेथेंही रडतो. पण "इतर" अशी ओळ तेथें चालत नाहीं.

आमचें मागणें असें कीं, पगारी माणसाच्या फेरीची फी मुळींच नको. आणि घ्यावयाचीच असेल तर तिचा दर व ठरावाची तारीख प्रत्येक वॉर्ड कचेरीच्या भिंतीवर मराठींत लावावी. शास्ती मुद्दलाच्या पुढें जाऊं नये. आधीं पैसे भरण्याची अट पत्र्याच्या व दोन खणांच्या घरांस तरी नसावी. हें सारें मुंबईस विधिमंडळांत ठरावयाचें. तेथें आमचीं मतें मागावयास येणारे पुष्कळ आहेत, त्यांस पुढल्या खेपेस हेंच विचारा.

तोंवर ज्याच्या दारीं कागद येईल त्यानें शिपायाशीं भांडूं नये व घाबरून अंगठाही देऊं नये. कागदाची तारीख लिहून ठेवावी. मूळ कर कबूल असेल तर तो भरून पावती घ्यावी, म्हणजे शास्तीचें चाक तेवढ्यापुरतें थांबेल. राहिलेल्या ओळींविषयीं लेखी विचारावें, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कचेरीचा शिक्का मारून घ्यावा. शिक्का देत नाहीं असें म्हणतील, तर टपालानें पोंचपावतीसह पाठवावा. उत्तर न आल्यास २००५ सालच्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें दहा रुपये भरून तेच प्रश्न पुन्हां विचारावे. तीस दिवसांत उत्तर देणें त्यांस भाग आहे, आणि दारिद्र्यरेषेखालील माणसास ते दहा रुपयेही लागत नाहींत. एका आळींतील सर्वांनीं एकाच दिवशीं अर्ज द्यावे. वॉरंट घेऊन शिपाई खरोखरच किती दारीं गेला होता, हें मग दहा अर्ज शेजारीं शेजारीं ठेवल्यावर आपोआप दिसतें.

अर्जाचा नमुना आम्हीं तयार करून ठेवला आहे. ज्यांस पाहिजे त्यांनीं शाळा सुटल्यावर येऊन उतरून न्यावा. कागद मात्र आपापला आणावा.